पाखराच्या डोळ्यावरची चौकट

पोरगी रडत कशी नाही, या एका गोष्टीनं आईचा जीव पोखरून काढला होता. डावा हात मोडलेला, पुढचे दात ओठातून आरपार गेलेले, उजव्या हाताची बोटं कुणीतरी बुटाखाली चिरडलेली. अशा वेळी माणूस ओरडतं, शिव्या देतं, निदान उशीत तोंड खुपसून हुंदके तरी देतं. ही मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होती. आणि ही कोण, तर टिटवी! लहानपणी जिच्या रडण्याला कंटाळून खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा काठीनं छत बडवायचे, ती.

टिटवी हे नाव मामानं ठेवलेलं. बारशाआधीच तो म्हणाला होता, "ताई, तुला पोर नाही झालेली, टिटवी झालीय." पाखरू एवढंसं, पण अंड्यांजवळ गाय आली तरी किंचाळत तिच्या तोंडावर झेप घेणारं. पोरगी नावाला जागली. शाळेत एका पोरानं गलोलीनं पारवा पाडला, तर हिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की टाके घालावे लागले. मुख्याध्यापकबाईंनी बोलावून घेतलं तेव्हा आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबत आलेला मामा मात्र खो खो हसत म्हणाला, "चावली तर चावली, विषारी थोडीच आहे?"

पोरीचा बाप लवकर गेला. आई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. तेव्हा हमरस्त्यावरच्या हॉटेलचा रगाडा सांभाळून मामाच पोरीला शाळेत सोडायचा, तापात रात्र रात्र जागायचा. पहिला कॅमेराही त्यानंच आणून दिला. "घे. लोकांना चावण्यापेक्षा त्यांचे फोटो काढ."

पुढे टिटवी इस्पितळात एक्स-रे काढायला लागली. दिवसभर मोडलेली माणसं बघायची आणि संध्याकाळी जेवताना सांगायची, "हाडं खोटं बोलत नाहीत, आई. बाई म्हणते जिन्यावरून पडले. हाड म्हणतं, हात वर केला होता तेव्हा वरून फटका बसलाय."

"घास घशाखाली उतरू दे गं जरा."

"उतरव की. मी काय धरून ठेवलाय?"

सुट्टीच्या दिवशी ती शहराबाहेरच्या तळ्यावर जायची. आईला वाटायचं, चला, पाखरांत मन रमतंय, बरंच आहे. पण फोटो बघितले की ती नजर फिरवायची. जिवंत कबुतराची छाती फोडणारा ससाणा. काट्यावर टोचून ठेवलेला सरडा आणि शेजारी शांत बसलेला खाटीक पक्षी. बगळ्याच्या घशात अजून तडफडणारा बेडूक, त्याचा एक पाय चोचीबाहेर.

"एखादं गोड पाखरू काढ ना. कॅलेंडरवर असतं तसं."

"गोड पाखरू साखरेचं असतं, आई. खरं पाखरू मारतं, नाहीतर मरतं."

मागच्या हिवाळ्यात तिनं नवा कॅमेरा घेतला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ती लहान पोरासारखी हरखली होती. "हा बघ, पाखराचा डोळा स्वतः शोधतो. छोटी चौकट येते, डोळ्याला चिकटते. मग पाखरू उडो, बुडो, फांदीआड जावो, चौकट सुटत नाही. मी फक्त बटण दाबून धरायचं. हा फटाफट काढत सुटतो."

"मग माझा काढ बघू."

टिटवीनं कॅमेरा रोखला. चौकट आईच्या तोंडावरून भिरभिरली, खांद्यावरून घसरली आणि मागच्या किटलीच्या तोटीला जाऊन घट्ट बसली.

"किटलीला पाखरू समजला मेला!" आई हसून हसून बेजार झाली.

"अगं, त्याला सांगावं लागतं, माणूस बघ की पाखरू बघ. माझा कायम पाखरावर लावलेला असतो. माणसं मला नकोच आहेत."

मामा दारात उभा राहून ऐकत होता. "माझ्या हॉटेलात ये. तिथली पाखरं ताटात गप्प बसलेली असतात. चौकट बिवकट काही लागत नाही."

टिटवी हसली नाही. हॉटेलच्या मागच्या खोलीत ओळखीच्या गिऱ्हाइकांना रानातली पाखरं खायला मिळतात, असं इस्पितळात कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिनं मामाला विचारलं, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "लोकांचं काय ऐकतेस, टिटवे? कोंबड्या आहेत सगळ्या."

त्यानंतर तळ्यावर जाळी दिसायला लागली. पाणकणसांमध्ये, पहाटेच्या धुक्यात न दिसणारी, केसासारख्या धाग्यांची. बदकं त्यात अडकून रात्रभर फडफडायची. सकाळी टिटवी कात्रीनं धागे कापायची. कुणाचा पंख मुळातून उपटलेला असायचा, कुणाची मान धाग्यानं चिरलेली. काही तिच्या ओंजळीतच मरायची. पोलिसांकडे जाऊन आली, वनखात्यात जाऊन आली. सगळीकडे एकच विचारणा: कोण लावतं जाळी? पुरावा काय?

"आणते पुरावा," ती घरी येऊन दातओठ खात म्हणाली.

"तू कुठंही जायचं नाहीस. ती माणसं बघितलीस का? पाखराची मान मोडतात, तुझी मोडायला किती वेळ लागेल?"

"लव्हाळ्यात लपणार आहे. वरून टोपडं. मी कुणाला दिसणारसुद्धा नाही."

टोपडं हा आईचा शब्द. पाखरांना माणसाचं तोंड दिसू नये म्हणून हे फोटोवाले पानांच्या छापाची एक टोपी घालतात. ती डोकं, कान, नाक, तोंड, गळा सगळं झाकते, डोळ्यांपुरती फट ठेवते. पहिल्यांदा पोरीला त्यात बघून आई म्हणाली होती, "तान्ही होतीस तेव्हा असंच टोपडं बांधायचे मी. तेव्हा भोकाड पसरायचीस, आता आपणहून घालतेस." तेव्हापासून त्याचं टोपडंच झालं.

पोरगी ऐकणारी नव्हतीच. अंधार असतानाच गेली. उजाडल्यावर आईचा फोन वाजला, तो मामाचा. "ताई, घाबरू नकोस. भाजी घेऊन परत येत होतो, तर टिटवी रस्त्याकडेला पडलेली दिसली. मारलंय कुणीतरी. घेऊन आलोय इस्पितळात. तू ये."

इस्पितळात पोचली तेव्हा पोरीचं तोंड ओळखू येत नव्हतं. एक डोळा सुजून मिटला होता. शर्ट गळ्यापासून खालपर्यंत रक्तानं ताठ झाला होता. तिच्याच बरोबर काम करणाऱ्या मुलीनं एक्स-रे काढला. काढताना तीच रडत होती. टिटवीनं फिल्म मागून घेतली, खिडकीच्या उजेडासमोर धरायला लावली आणि फुटक्या ओठांतून म्हणाली, "मी उभी असताना हात मोडला. अडवायला वर केला होता. बोटं नंतर. खाली पडल्यावर." तेवढं बोलून तोंडाला जे कुलूप घातलं, ते घातलंच.

मामानं सगळं केलं. डॉक्टरांशी बोलला, औषधं आणली, बाकावर बसून राहिला. "मी त्या रस्त्यानं आलो नसतो, तर काय झालं असतं, ताई?" आईनं त्याचे हात हातात घेऊन कपाळाला लावले.

घरी आल्यावर फौजदार जबाब घ्यायला आले. तळ्याकाठच्या चिखलात सापडलेला कॅमेरा त्यांनी बरोबर आणला होता. भिंग फुटलेलं, आतलं कार्ड काढून नेलेलं. टिटवीनं न बोलता शाबूत उरलेल्या दोन बोटांनी दुसरं झाकण उघडलं. आत आणखी एक कार्ड होतं. हा कॅमेरा प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरवायचा. कार्ड काढून नेणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पलंगाच्या पायाशी बसलेला मामा एकदम ताठ झाला. आईला वाटलं, आशेनं.

पोरीनं कार्ड लॅपटॉपला लावलं, स्क्रीन स्वतःकडे वळवून बराच वेळ बघत राहिली. मग एक फोटो फौजदारांना दाखवला. बदकाचं डोकं. पिवळा डोळा, त्यातली काळीभोर बाहुली, चोचीवरचा थेंब, सगळं लख्ख.

"आणि माणसं?"

"धूसर," टिटवी पहिल्यांदाच बोलली. "कॅमेरा पाखरावर लावला होता."

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, मग आता ह्या बदकाला साक्षीला बोलावू का मी?"

मामा हसला. जरा जास्तच मोठ्यानं. मग खिशातून चाकू काढून सफरचंद सोलायला बसला. फोडी करून पोरीच्या तोंडाशी नेऊ लागला. टिटवीनं तोंड उघडलं नाही. तिचा उघडा डोळा त्याच्या हातावर खिळला होता. हात डावीकडे गेला की डोळा डावीकडे, हात ताटलीत गेला की डोळा ताटलीत. आईला कॅमेऱ्यातली ती चौकट आठवली. तिला वाटलं, पोर चाकूला भ्यालीय.

"ताई, हिला इथं जिने चढउतार, वर तुझी नोकरी," मामा निघताना म्हणाला. "हॉटेलमागच्या घरात शांत आहे. बाई ठेवतो हाताशी. उद्या दुपारी गाडी घेऊन येतो. तो लॅपटॉप बिपटॉप पण घे बरोबर, करमायला होईल तिला."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. टिटवीनं दोन बोटांनी चादर चिमटीत धरली, इतकी घट्ट की पट्टीतून रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं इस्पितळातून आलेली कपड्यांची पिशवी उघडली. शर्ट तीनदा भिजवला तरी पाणी लालच निघत होतं. मग टोपडं हाताला लागलं. चिखल होता, पाणकणसाचा कापूस होता. चोळलं तर नुसतं मातकट पाणी आलं. एक तरी कपडा वाचला, असं पुटपुटत तिनं ते पिळलं आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकलं.

जेवणानंतर पोरीला वेदनेची गोळी दिली. ही गोळी घेतली की झोप येते, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात आईचं आयुष्य गेलं होतं. टिटवी झोपली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. मामा बरोबर घ्यायला सांगून गेला होता, म्हणून बंद करायला ती वाकली आणि स्क्रीनवर तळं उमटलं.

धुकं. बदकांची रांग. पुढचं बटण दाबलं. जाळं, त्यात लटकलेली पाखरं. मग तिघं माणसं, नुसते डाग असल्यासारखी, तोंडाला फडकी बांधलेली. त्यातला एक वाकून पाखरं सोडवत होता. सोडवलेलं प्रत्येक पाखरू पोत्यात टाकण्याआधी त्याचे पंख पिरगाळत होता, कापड पिळावं तसे. उडू नयेत म्हणून. पुढच्या फोटोत त्याच्या हातात एक बदक होतं, मानेपाशी धरलेलं, एक पंख उलटा लोंबणारा. त्या बदकाचा डोळा लख्ख होता. माणूस धूसर.

आई बटण दाबत गेली. माणसानं मान वळवली. त्याला कसली तरी चाहूल लागली होती. मग बदक मोठं व्हायला लागलं. फोटोमागून फोटो, बदक जवळ, आणखी जवळ. आईला आधी समजेना, पाखरू असं पुढे का येतंय. मग समजलं. माणूस धावत येत होता. बदक हातातच होतं, टाकायलाही वेळ घेतला नव्हता. उजवीकडे कडेला एक काळी रेघ दिसत होती, ती वर वर जात होती. लोखंडी कांब. आणि कॅमेरा, कांबेकडे नाही, माणसाकडे नाही, त्या पाखराच्या डोळ्याकडेच बघत होता. टिटवीचं बोट बटणावर होतं. शेवटपर्यंत तिनं ते सोडलं नव्हतं.

शेवटच्या फोटोत डोळ्यानं सगळी स्क्रीन व्यापली होती. फौजदारांना दाखवलेला तो हाच. फक्त त्यांना दाखवताना त्याची खालची बाजू कापलेली होती. इथं ती होती. बदकाच्या गळ्यावर एक अंगठा होता. पाखराच्या डोळ्याइतकाच जवळ, म्हणून तितकाच लख्ख. त्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं आणि दोन्ही तुकडे वर उचललेले, उघड्या चोचीसारखे.

हॉटेलच्या कणीक मळायच्या यंत्रात तो अंगठा सापडला होता. आईनंच महिनाभर पट्ट्या बदलल्या होत्या. नख परत आलं ते असं दोन तुकड्यांत. तिनं कितीदा कापून दिलं होतं ते. काल इस्पितळात तोच हात कपाळाला लावला होता.

ती खुर्चीत बसली आणि बुडणाऱ्या माणसासारखं मिळेल ते धरायला लागली. त्याला माहीत नव्हतं. टोपडं होतं ना तोंडावर. लव्हाळ्यात दबा धरलेलं कुणीतरी परकं दिसलं, घाबरला, मारलं. नंतर कळलं तेव्हा उचलून आणलं. माझा भाऊ आहे तो. कळलं असतं तर हात उचललाच नसता.

गॅलरीत टोपडं वाऱ्यानं हलत होतं. डोळ्यांची फट, नाकाचा उंचवटा, तोंडावरचं कापड. स्वच्छ. साबणाशिवाय स्वच्छ झालेलं.

दात ओठातून बाहेर आले होते. शर्ट खालपर्यंत भिजला होता. टोपडं तोंडावर असतं तर सगळ्यात आधी तेच भिजलं असतं.

"बघितलंस?" मागून आवाज आला. टिटवी जागी होती. गोळी घेतलीच नसावी.

"बघितलं."

"धूसर आहे सगळं."

"अंगठा नाही धूसर." आई तिच्याजवळ जाऊन बसली. "कापलास का? तूच म्हणतेस ना, कापला की फोटो खोटं बोलायला लागतो?"

आईनं गॅलरीतल्या दोरीकडे बोट केलं.

"टोपडं कधी काढलंस?"

गॅलरीत कापड फडफडलं. टिटवी छताकडे बघत म्हणाली, "पहिला फटका हातावर बसला. तो शिवी देऊन ओरडला, तेव्हा आवाज ओळखला मी. टोपडं ओढून काढलं. म्हटलं, मामा, मी आहे. मी, टिटवी."

"मग?"

"मग त्यानं तोंडावर मारलं."

आईनं दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली.

"थांबला होता, आई. बघितलं त्यानं मला. नीट बघितलं. मग मारलं. कॅमेरा सोडत नव्हते, म्हणून बोटांवर उभा राहिला. पाखरू तेव्हाही हातात होतं. जिवंत होतं अजून. मी त्याच्याचकडे बघत होते."

"मग उचलून कशाला आणलं त्या..." पुढचा शब्द आईनं भावासाठी आयुष्यात वापरला नव्हता. आता वापरला.

"दुसरा म्हणाला, पाण्यात ढकलून देऊ. मामा म्हणाला, नको, बहिणीची पोर आहे. गाडीत मला म्हणाला, बोललीस तर तुझी आईच मरेल, तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

"आणि ते तू ऐकलंस?"

"खोटं कुठं होतं? कोण आहे तुला दुसरं?"

आईला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्या तोंडावर बोट ठेवायलाही जागा उरली नव्हती. तिनं पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, टोपडं बांधताना घ्यायची तसं. "तू आहेस ना, गाढवे. तू नाहीस का?"

आधी नुसता घसा खरवडल्यासारखा आवाज आला. मग टाके घातलेला ओठ ताणला गेला, त्यातून रक्त आलं आणि पोरगी ओरडली. शब्द नव्हता त्यात. भिंती हादरतील असं, एकामागून एक, श्वास घेऊन पुन्हा, सगळ्या मोडलेल्या हाडांसकट ती ओरडत राहिली. खालून छतावर काठी आपटली. ठक्, ठक्, ठक्.

"बडवा," आई रडत, हसत म्हणाली. "बडवा हो, बुवा."

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. मामाचाच होता. खालूनच वाजवत यायची त्याची सवय लहानपणापासून पोरीला ठाऊक. तिचा आवाज मधेच तुटला आणि तिनं आईच्या पदराचं टोक धरलं.

"आई, तुझा भाऊ आहे तो."

आई उठली. दाराची कडी घातली, वरची आणि खालची दोन्ही. काल सफरचंद सोलून मामा चाकू टेबलावर विसरला होता, तो उचलून स्वतःच्या हाताशी ठेवला. जिन्यावर पावलं वाजत होती, आणि मामाची हाक आली, नेहमीसारखी मायेची, "ताई, झाली का गं तयारी?"

आईनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला, न कापलेला फोटो समोर ठेवला आणि फोन उचलून फौजदारांचा नंबर लावला.